तो अग्निबाण आपलाही होता

२५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला अंतराळात निघाले, तेव्हा आपल्याकडे भर दुपार होती. अमेरिकेतील फ्लोरिडात मात्र रात्रीचे अडीच वाजले होते. काळोख उजळीत वर जाणारा तो अग्निबाण आपल्याही अनेक घरांतील मुलांनी मोबाईलवर पाहिला.

त्याच तळावरून ३० ऑगस्ट १९८३ रोजी, अशाच अडीचच्या सुमारास ‘चॅलेंजर’ यान उडाले होते. त्यातील पाच अंतराळवीरांत गायऑन ब्लुफर्ड होते. अंतराळात जाणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. ज्या समाजाला गुलाम म्हणून बाजारात विकले, वेगळ्या शाळेत बसविले, त्या समाजाचा हा सुपुत्र एरोस्पेस इंजिनिअरिंगची डॉक्टरेट मिळवून तिथवर पोहोचला होता. त्याच यानातून आपला ‘इन्सॅट-१ बी’ उपग्रहही गेला आणि पुढे दूरदर्शन गावोगाव पोहोचले.

बंधू-भगिनींनो, १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा नाव आपण अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून घेतले. आता त्यांची ही झेपही घेऊ या. दिघा, रबाळे, तुर्भ्याच्या वस्तीत दहावी झालेल्या मुलीला “सायन्स आपल्याला झेपणार नाही” असे म्हणू नका. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा. विहारात दर रविवारी गणिताचा वर्ग सुरू करा. १९१३ साली बाबासाहेबही बडोद्याच्या शिष्यवृत्तीवरच कोलंबिया विद्यापीठात पोहोचले होते.

जय भीम!