व्यायामातील उष्मांक : यंत्रावरील आकडा आणि शरीराचा हिशेब

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर पहाटे फिरावयास येणाऱ्या अनेकांच्या मनगटावर आता उष्मांक दाखविणारी घड्याळे असतात. त्यांवरील आकडा पाहून न्याहारीचे प्रमाण ठरविणारेही आहेत. मात्र हा आकडा प्रत्यक्ष मोजलेला नसतो. तो सूत्रांवरून काढलेला अंदाज असतो.

शरीराची बहुतांश ऊर्जा व्यायामात नव्हे, तर श्वसन, रक्ताभिसरण आणि शरीराचे तापमान राखणे यांसाठी खर्च होते. या खर्चास पायाभूत चयापचय म्हणतात. बैठे काम करणाऱ्यांच्या बाबतीत दिवसभराच्या एकूण खर्चात त्याचा वाटा 60 ते 70 टक्के असतो. उपाशीपोटी, पूर्ण विश्रांत अवस्थेत शरीर किती प्राणवायू वापरते, यावरून तो मोजला जातो.

वजन, उंची आणि वय यांवरून हा खर्च काढण्याचे प्रसिद्ध सूत्र हॅरिस आणि बेनेडिक्ट या अमेरिकन संशोधकांनी 1919 साली मांडले. त्यामागे अमेरिकेतील 136 पुरुष आणि 103 स्त्रियांची मोजमापे होती. पुढे तत्कालीन मद्रासमधील विमेन्स ख्रिश्चन कॉलेजच्या एलिनॉर मेसन यांनी बेनेडिक्ट यांच्याच सहकार्याने दक्षिण भारतीय स्त्रियांची तपासणी केली. 1931 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या स्त्रियांचा पायाभूत खर्च अमेरिकन प्रमाणापेक्षा स्पष्टपणे कमी आढळला.

हा फरक वंशाचा की शरीररचनेचा, यावर दीर्घकाळ चर्चा झाली. भारत आणि ऑस्ट्रेलियातील मोजमापांच्या 1998 सालच्या तुलनेत, शरीराचा चरबीविरहित भाग लक्षात घेतल्यावर वांशिक फरक उरला नाही. म्हणजेच वजन समान असले, तरी स्नायू कमी असल्यास खर्चही कमी होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2010 च्या अहवालात भारतीयांसाठी जागतिक सूत्रापेक्षा सुमारे 5 टक्के कमी आकडे धरले होते.

उदाहरणार्थ, 40 वर्षे वयाच्या आणि 55 किलो वजनाच्या स्त्रीचा पायाभूत खर्च जागतिक आरोग्य संघटनेच्या 1985 च्या सूत्रानुसार दिवसाला सुमारे 1308, तर परिषदेच्या सूत्रानुसार सुमारे 1245 उष्मांक येतो. झपाझप चालण्यास दर किलो वजनामागे ताशी साधारण साडेतीन उष्मांक लागतात. त्यानुसार अर्ध्या तासाचे 96 उष्मांक होतात. परंतु ती स्त्री त्या वेळी स्वस्थ बसली असती, तरी सुमारे 26 उष्मांक खर्च झालेच असते. चालण्याची खरी भर सुमारे 70 उष्मांकांची, म्हणजे साधारण एका इडलीएवढी आहे. अनेक यंत्रे हे 26 उष्मांक वजा करीत नाहीत.

चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. अशा स्थितीत यंत्रावरील आकड्याइतके अधिक खाणे महागात पडू शकते. स्वतःच्याच कालच्या आणि आजच्या चालण्याची तुलना करण्यास हा आकडा उपयोगी आहे. ताटातील वाढ ठरविण्यास नाही. चालण्याचे लाभ मात्र उष्मांकांपुरते मर्यादित नाहीत. रक्तशर्करा आणि रक्तदाब आटोक्यात ठेवण्यास ते साहाय्यभूत ठरते. म्हणूनच प्रौढांनी आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.