भूमिका-खेळ, बैठे

टेबलाभोवती बसून, प्रत्येक खेळाडूने एका कल्पित पात्राची भूमिका घेऊन, मुख्यतः संभाषणाच्या द्वारे खेळावयाचा आधुनिक खेळप्रकार. इंग्रजीत तो ‘टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम’ या नावाने ओळखला जातो. साधारणतः तीन ते सहा खेळाडू व एक सूत्रधार असा त्याचा मेळ असतो. सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो, आपले पात्र काय करील ते खेळाडू सांगतात आणि परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय केला जातो. शत्रू, नगरवासी, पशू इ. इतर सर्वांच्या भूमिका सूत्रधाराकडे असतात. सारीपाट किंवा बुद्धिबळ यांप्रमाणे येथे पट अनिवार्य नसतो आणि शेवटी सहसा कोणी जिंकत वा हरत नाही. नाटकाशी साम्य असले, तरी येथे लिखित संहिता नसते व वेगळा प्रेक्षकवर्गही नसतो. एकच कथानक अनेक बैठकांतून महिनोगणती चालू शकते.

इतिहास : या खेळांचे मूळ युद्धखेळांत आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये राइसविट्स या अधिकाऱ्याने नकाशा, फासे व निर्णय देणारा पंच यांवर आधारलेल्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. एच्. जी. वेल्स यांच्या लिटल वॉर्स (१९१३) या पुस्तकाने खेळण्यातील सैनिकांच्या लढाया हौशी लोकांत रूढ केल्या. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एका युद्धखेळात पलटणींऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका खेळाडूंकडे सोपविली. त्यांच्या गटातील डेव्ह आर्नेसन यांनी ही कल्पना अद्‌भुतरम्य जगात नेली. आर्नेसन व गॅरी गायगॅक्स यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ मध्ये तीन पुस्तिकांच्या स्वरूपात निघाला. विक्रीसाठी प्रकाशित झालेला हा या प्रकारातील पहिला खेळ मानला जातो.

कथाप्रकार व नियम : खेळाचा कथाप्रकार केवळ पार्श्वभूमीच्या वर्णनाने ठरत नाही. अपयशाची किंमत काय आणि बक्षीस कशाला मिळते, या नियमांनी तो खऱ्या अर्थाने ठरतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या आरंभीच्या नियमांत हस्तगत केलेल्या सोन्याच्या प्रमाणात अनुभवगुण मिळत. त्यामुळे राक्षसाशी लढण्यापेक्षा त्याला चकवून खजिना पळविणे शहाणपणाचे ठरे. तिसऱ्या आवृत्तीत (२०००) हे गुण मुख्यतः शत्रूंवर मात करण्याला मिळू लागले. त्याच भुयारांत व त्याच राक्षसांसमवेत खेळ आता पराक्रमाचा झाला.

ट्रॅव्हलर (१९७७) या मार्क मिलर यांच्या विज्ञानकथात्मक खेळात पात्राची पूर्वीची नोकरी फाशांनी ठरते आणि मूळ नियमांनुसार ते खेळ सुरू होण्यापूर्वीच मरूही शकते. अवकाशयानाचे कर्ज चाळीस वर्षांच्या मासिक हप्त्यांनी फेडावयाचे असल्याने व्यापारातील जोखीम पत्करणे भाग पडते. साहसाची प्रेरणा अशी हिशेबाच्या वहीतून येते. सँडी पीटर्सन यांच्या कॉल ऑफ क्थुलू (१९८१) या भयकथात्मक खेळात पात्रांची मनःस्वस्थता गुणांनी मोजली जाते. भीषण दृश्यांनी ती ढळते आणि गूढ ग्रंथांतून ज्ञान वाढेल तसतशी तिची कमाल मर्यादाही खाली येते. ड्रेड (२००५) या खेळात फासेच नाहीत. लाकडी ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून एकेक ठोकळा काढावा लागतो आणि ज्याच्या हातून मनोरा कोसळेल, त्याचे पात्र कथेतून बाद होते. भीतीचे वर्णन ऐकणाऱ्याचा हातच येथे कापू लागतो.

शोधकथेची अडचण निराळी आहे. फासा उलटा पडून महत्त्वाचा धागा हुकला, तर संपूर्ण कथा थांबते. म्हणून ट्रेल ऑफ क्थुलू (२००८) या खेळात योग्य कौशल्य असलेल्या पात्राने योग्य ठिकाणी शोध घेतल्यास आवश्यक धागा निश्चित मिळतो. त्याचा अर्थ लावणे हाच खेळ उरतो. फिआस्को (२००९) या फसलेल्या गुन्ह्यांच्या खेळात तर सूत्रधारही नसतो.

फाशांचे गणित : वीस पृष्ठांच्या एका फाशावर प्रत्येक अंक पडण्याची शक्यता सारखीच, म्हणजे ५ टक्के असते, त्यामुळे निष्णात योद्ध्याचाही वार अनेकदा चुकतो व नवख्याला आकस्मिक यश मिळते. सहा पृष्ठांच्या दोन फाशांची बेरीज ७ येण्याची शक्यता ३६ पैकी ६, तर २ येण्याची केवळ १ असते. अपॉकलिप्स वर्ल्ड (२०१०) मध्ये ही बेरीज १० किंवा अधिक आल्यास पूर्ण यश, ७ ते ९ आल्यास काही किंमत मोजून यश आणि ६ किंवा कमी आल्यास संकट, अशी सर्वसाधारण योजना आहे. कोणताही गुण मिळविला वा वजा केला नाही, तर पूर्ण यश ३६ पैकी केवळ ६ वेळा येते. त्यामुळे कथा सतत नव्या पेचात सापडत राहते.

निवड : खेळ निवडताना गटाला कोणती कथा आवडते, याइतकेच त्या कथेत कोणता अनुभव हवा, हे विचारणे अगत्याचे असते. डावपेच आवडणाऱ्यांना तपशीलवार लढाईचे नियम रुचतात. संवादप्रिय गटाला तेच ओझे वाटतात. भयकथेत असहायता मान्य करावी लागते. पराक्रमाची हौस असलेल्या खेळाडूला ती जाचते. किती बैठका मिळणार, हेही पाहावे लागते. एकाच बैठकीसाठी आटोपशीर नियमांचा व तयार पात्रांचा खेळ सोयीचा. पात्रांची वाढ हा ज्याचा गाभा आहे, त्याला दीर्घ अवधी लागतो.

संचालन : सूत्रधार हा खेळाडूंचा प्रतिस्पर्धी नसतो आणि आधीच ठरविलेल्या शेवटाकडे त्यांना ढकलणारा लेखकही नसतो. त्याने घटनाक्रमाऐवजी परिस्थिती तयार करावी : साहसकथेत अनेक वाटांचे नकाशे, शोधकथेत गुन्ह्याचे सत्य व प्रत्येक निष्कर्षाकडे नेणारे एकाहून अधिक धागे, विज्ञानकथेत अंतरे, किंमती व तंत्राच्या मर्यादा. भयकथेत माहिती बेताबेताने द्यावी. यश व अपयश या दोहोंनाही काही अर्थ असेल, तेथेच फासे टाकावयास सांगावे.

खेळ मोडतो तो बहुधा नियमांच्या अज्ञानापेक्षा अपेक्षांच्या विसंगतीमुळे. यासाठी प्रत्यक्ष खेळापूर्वी एक प्रास्ताविक बैठक घेण्याची प्रथा आहे. तीत कथेचा सूर, पात्रांचे परस्परसंबंध आणि टाळावयाचे विषय ठरविले जातात. क्रौर्य, लैंगिक अत्याचार, बालकांचा मृत्यू यांसारखे विषय कोणाच्या प्रत्यक्ष दुःखाला स्पर्श करतील, हे सूत्रधाराला ठाऊक नसते. काही गट टेबलावर फुलीचे एक कार्ड ठेवतात; कोणीही कारण न सांगता त्याला हात लावल्यास तो प्रसंग तेथेच सोडून दिला जातो. अशा संकेताने भयकथेची धार बोथट होईल, असा आक्षेप घेतला जातो. तथापि केव्हाही थांबता येईल अशी खात्री असलेला खेळाडूच भीतीच्या प्रसंगात अधिक निर्धास्तपणे शिरू शकतो.