आजीचा आवाज आणि आपला कॉम्प्युटर : पॉडकास्टसाठी सॉफ्टवेअर कोणते?

आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे. होस्टेलवर गाण्यांना तोटा नाही; पण आपल्याच घरच्या माणसांचे बोलणे किती जणांच्या मोबाईलमध्ये आहे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा हादरला. आज होस्टेलवर राहणाऱ्या पोरांपैकी कुणाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. ती पहाट, त्याआधीचा १९७२ चा दुष्काळ सांगणारी माणसे आपल्या घरात आहेत, पण वर्षागणिक कमी होत चालली आहेत. त्यांचे बोलणे जपायचे आणि चार लोकांना ऐकवायचे, तर पॉडकास्टसारखे स्वस्त साधन नाही.

पॉडकास्ट म्हणजे नेमके काय?

'पॉडकास्टिंग' हा शब्द २००४ साली 'द गार्डियन' या इंग्रजी दैनिकात पहिल्यांदा छापून आला. त्यामागची युक्ती साधी आहे. आवाजाची फाईल इंटरनेटवर ठेवायची आणि तिचा पत्ता आरएसएस फीड नावाच्या यादीत लिहायचा. ऐकणाऱ्याचे ॲप ती यादी तपासत राहते आणि नवा भाग आला की दाखवते. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारखे सामुदायिक रेडिओ केंद्र आपल्या बोलीत बोलते, पण त्याला लायसन्स आणि टॉवर लागतो, आणि आवाज काही किलोमीटरच जातो. पॉडकास्ट मात्र चाकूरहून पुण्याला कामाला गेलेल्या भावापर्यंतही पोचतो.

म्हणजे कामे दोन : तयार करणे आणि पोचवणे. दोन्हींसाठी सॉफ्टवेअर वेगळे निवडायचे.

तयार करण्यासाठी

१) ऑडॅसिटी : फुकट, ओपन सोर्स, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. साध्या कॉम्प्युटरवरही काम भागते. कापणे, जोडणे, आवाज कमी-जास्त करणे, सगळे यात आहे.
२) रीपर : ६० दिवस वापरून बघता येते, नंतर पैसे. चार-पाच माइकचे रेकॉर्डिंग असेल तर सोयीचे.
३) गॅरेजबँड : फुकट, पण फक्त ॲपलच्या मशीनवर.
४) अडोबी ऑडिशन : उत्तम, पण भाडे भरत राहावे लागते.

आपल्या कामाला ऑडॅसिटी पुरे. मोबाईलवर रेकॉर्ड केलेली एम४ए फाईल विंडोजवर उघडत नसेल, तर एफएफएमपेग ही लायब्ररी वेगळी टाकावी लागते. पंख्याची घरघर घालवायला 'नॉइज रिडक्शन' आहे : जिथे कुणी बोलत नाही असा दोन सेकंदांचा तुकडा आधी नमुना म्हणून द्यायचा, मग सगळ्या रेकॉर्डिंगला तो लावायचा. जास्त लावले तर माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद करा आणि समोरच्या भिंतीवर एक वाकळ टांगा. हा इलाज कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा भारी!

फाईलचे गणित

४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह फाईल मिनिटाला सुमारे ५ एमबी घेते. अर्ध्या तासाला दीडशेच्या वर. तेच बोलणे ६४ केबीपीएस एमपी३ मध्ये अर्ध्या तासाला साधारण १४ एमबीत बसते, आणि बोलण्यासाठी तेवढा दर्जा चालतो. म्हणून वाटायला एमपी३, जपायला वेव्ह. एकदा एमपी३ करताना गेलेला आवाज परत येत नाही. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर मुलाखत घेऊ नका, तीही आवाज दाबते. मोबाईलच्या रेकॉर्डरवर घ्या आणि मित्राला पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

पोचवण्यासाठी

इथे खरी फसगत होते. गुगल पॉडकास्ट्स हे ॲप किती जण वापरायचे! २०२४ साली गुगलने ते बंद केले. अँकर ही फुकट होस्टिंग सेवा स्पॉटिफायने २०१९ मध्ये विकत घेतली आणि पुढे तिचे नावही बदलले. कंपन्या येतात, जातात. म्हणून होस्टिंग निवडताना तीन प्रश्न विचारा : माझा आरएसएस पत्ता मला मिळतो का? उद्या दुसरीकडे जायचे तर जुना पत्ता नव्याकडे वळवता येतो का? माझ्या सगळ्या फायली मला परत उतरवून घेता येतात का? तिन्हींना 'हो' असेल तर खुशाल वापरा. एकाला जरी 'नाही' आले, तर फुकट असले तरी ते महागात पडते.

मूळ वेव्ह फाईल मात्र दोन ठिकाणी हवीच : एक कॉम्प्युटरवर, एक पेनड्राईव्हवर. फाईलच्या नावातच गाव, तारीख आणि विषय लिहा. 'न्यू रेकॉर्डिंग १७' मध्ये काय आहे ते दोन वर्षांनी तुम्हालाही कळणार नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसते : परवानगी. "आज्जी, हे जगाला ऐकवू का?" हे आधी विचारा आणि तिचा 'हो'सुद्धा रेकॉर्ड करा. भूकंपात घरचे माणूस गेलेल्याला सगळेच सांगायचे नसते. ती 'नको' म्हणाली तर फाईल घरातच राहू द्या.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत गावी जाताना ऑडॅसिटी टाकून ठेवा. पहिला भाग दहा मिनिटांचा झाला तरी पुष्कळ आहे.