शिल्लक मालातून घडलेला ऑसिलोस्कोप

विजेचे चढउतार डोळ्यांना दिसत नाहीत. ते पडद्यावर प्रकाशरेषेच्या रूपाने दाखविणारे उपकरण म्हणजे ऑसिलोस्कोप. रेडिओदुरुस्ती करणाऱ्यास त्याचा उपयोग वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखा. परंतु दुसरे महायुद्ध संपेपर्यंत त्याची किंमत सामान्य कारागिरास परवडणारी नव्हती. हे उपकरण घरोघरी पोहोचविले ते एका व्यापाऱ्याच्या दूरदृष्टीने.

अमेरिकेतील हॉवर्ड अँथनी यांनी १९३५ साली दिवाळे निघालेली हीथ कंपनी विकत घेतली. तिचे संस्थापक एडवर्ड हीथ हे गिऱ्हाईकाने स्वतः जोडावयाच्या छोट्या विमानाचे संच विकत. १९३१ मध्ये चाचणी-उड्डाणातच त्यांचा अंत झाला. महायुद्धानंतर लष्करी इलेक्ट्रॉनिक सामग्री शिल्लक माल म्हणून विक्रीस निघाली, तेव्हा अँथनी यांनी तिचा मोठा साठा खरेदी केला. तो सुटा विकून मोकळे होण्याऐवजी त्यांनी संचाच्या जुन्या कल्पनेस या मालाची जोड दिली. १९४७ मध्ये ‘ओ-१’ हा ऑसिलोस्कोपचा संच अवघ्या ३९.५० डॉलरना बाजारात आला. जोडणीचे श्रम गिऱ्हाईकाचे असल्यामुळेच ही किंमत शक्य झाली.

संचातील व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर यांची जोडणी सोल्डरिंग करून घरच्या टेबलावर करावयाची. कॅथोड किरण नलिकेतील तापलेल्या भागातून निघालेले इलेक्ट्रॉन पडद्यावर आदळले की प्रकाशाचा ठिपका उमटतो. पट्ट्यांची एक जोडी त्यास आडवा फिरविते. दुसरी, तपासावयाच्या विजेनुसार, खाली-वर हलविते. त्यातून लहरीचे चित्र तयार होते.

काम मात्र जोखमीचे. नलिकेस हजार व्होल्टच्या घरातील दाब लागतो आणि वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये भार साठून राहतो. तो उतरविल्याविना आत हात घालणे जिवावर बेतू शकते. म्हणून नवशिक्यास असा संच विकणे ही विक्रेत्यावरही मोठी जबाबदारी होती. हीथ कंपनीच्या मार्गदर्शक पुस्तिका त्यामुळेच नावाजल्या गेल्या: कोणती तार कोठे जोडावयाची, हे एकेक पायरी सांगणाऱ्या.

१९५४ मध्ये विमान अपघातात अँथनी यांचे निधन झाले; तरी संचांची विक्री १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालली. स्वस्तात घेतलेला साठा केव्हाच संपला होता. पेढी पुढे चालली ती, गिऱ्हाईकाच्या हातून काम तडीस जाईपर्यंत त्याची काळजी वाहिल्याने मिळालेल्या पतीवर.