तार एकाची, भांडण दोघांचं : क्यूबातल्या इंटरनेटची गोष्ट



मागे आपल्या गटाच्या बैठकीत रिचार्ज महागल्याचा विषय निघाला होता. एक मावशी म्हणाल्या, "नेट सरकारनेच चालवावं. एसटी जशी सरकारची, तसं नेटही सरकारचं. मग कंपन्यांची मनमानी चालायची नाही." त्यावर एक ताई पटकन म्हणाल्या, "आणि एकट्या सरकारच्याच हातात असलं, नि बंद पडलं, तर जायचं कुणाच्या दारात?"

दोघींच्याही बोलण्यात तथ्य होतं. म्हणून आज आम्ही एका देशाची हकिगत सांगणार आहोत, जिथे टेलिफोन आणि इंटरनेट देणारी एकच कंपनी आहे आणि तीही सरकारची. तो देश म्हणजे क्यूबा.

क्यूबा हे अमेरिकेच्या दक्षिणेला असलेलं बेट. ऊस, तंबाखू पिकवणारा देश. लोकसंख्या एक कोटीच्या आसपास. अमेरिकेचा किनारा तिथून जेमतेम दीडशे किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुण्याएवढ्या अंतरावर. पण १९५९ च्या क्रांतीनंतर दोन्ही सरकारांचं बिनसलं आणि १९६२ पासून अमेरिकेने क्यूबाशी व्यापार बंद ठेवला आहे. ही भाऊबंदकी लक्षात ठेवा, कारण इंटरनेटची सगळी गोष्ट तिच्याभोवतीच फिरते.

तिथली सरकारी टेलिफोन कंपनी आहे एटेक्सा. तिची स्थापना १९९४ ची. सिमकार्ड, घरचा फोन, नेट, सगळं तिच्याकडूनच घ्यायचं. गावात किराणा दुकान एकच असलं की भाव तोच ठरवतो आणि उधारीचा नियमही तोच ठरवतो. यालाच मक्तेदारी म्हणतात. साध्या माणसाला स्वतःच्या नावावर मोबाइल घेण्याची परवानगीच तिथे २००८ साली मिळाली.

आता प्रश्न असा, की नेट यायला इतका उशीर का झाला? इथे दोन बाजूंची दोन उत्तरं आहेत.

क्यूबाचं सरकार म्हणतं, अमेरिकेच्या बंदीमुळे आम्हाला यंत्रसामग्री मिळत नाही, समुद्रातली केबल जोडू देत नाहीत. यात खरं आहे. जगभरचं नेट मुख्यतः समुद्राच्या तळाशी टाकलेल्या जाड केबलमधून येतं. जवळच्या अमेरिकेची केबल मिळेना, म्हणून क्यूबाने सुमारे १,६०० किलोमीटर लांबच्या व्हेनेझुएलाहून केबल आणली. ती २०११ साली किनाऱ्याला लागली. तोवर सगळा कारभार उपग्रहावर चालला होता, तो महाग आणि हळू.

अमेरिका म्हणते, क्यूबाच्या सरकारलाच लोकांनी मोकळेपणाने बोलायला नको आहे. यातही खरं आहे. ती केबल २०११ ला आली, पण तिच्यातून नेट वाहू लागलं २०१३ साली. आणि तेव्हाही ते घराघरात गेलं नाही. जून २०१३ मध्ये सरकारने देशभरात ११८ नेट केंद्रं उघडली. दर होता तासाला साडेचार डॉलर. तेव्हा तिथला सरकारी पगार महिन्याला वीस डॉलरच्या आसपास. म्हणजे महिनाभर राबायचं आणि त्यातली जवळजवळ पाव कमाई एका तासाच्या नेटला घालायची.

अमेरिकेनेही सरळ मार्ग धरला नाही. तिथल्या सरकारच्या मदत संस्थेने क्यूबात गुपचूप मोबाइल संदेशांची एक सेवा चालवली. ती कुणाच्या पैशावर चालते हे वापरणाऱ्या हजारो तरुणांना माहीतच नव्हतं. २०१४ मध्ये हे उघड झालं. तेव्हा क्यूबाच्या सरकारला आयतंच म्हणता आलं, "पाहा, आम्ही सांगत नव्हतो का?" आणि नेटकडे आणखी संशयाने पाहिलं जाऊ लागलं.

डिसेंबर २०१४ मध्ये दोन्ही देशांनी संबंध पुन्हा जोडत असल्याचं जाहीर केलं, तणाव जरा सैलावला. २०१५ च्या उन्हाळ्यात एटेक्साने चौकांत, बागांमध्ये वायफाय लावलं. सुरुवातीला अशा ३५ जागा होत्या, दर तासाला दोन डॉलर. त्यासाठी खरवडून नंबर काढायचं कार्ड मिळायचं. कार्डासाठी रांगा लागायच्या, आणि रांग टाळायची तर जादा पैसे देऊन बाहेर काळ्याबाजारात घ्यायचं. संध्याकाळ झाली की बागांमधले बाक भरून जायचे. परदेशी गेलेल्या लेकीसुनांचे, नातवंडांचे चेहरे लोक फोनवर पाहायचे. आपल्या मनातलं बोलायचं, रडायचं, तेही भर चौकात, चार लोकांच्या देखत.

मग ज्यांना एवढंही परवडत नव्हतं, त्यांनी काय केलं? त्यांनी आपली वाट काढली. दर आठवड्याला नव्या मालिका, सिनेमे, गाणी, बातम्या, जाहिराती एका हार्डडिस्कमध्ये भरायच्या आणि ती डिस्क हातोहात गावोगाव पोचवायची. याला ते 'एल पाकेते', म्हणजे 'पुडकं' म्हणतात. थोडे पैसे द्यायचे आणि हवं ते आपल्या पेनड्राइव्हमध्ये उतरवून घ्यायचं. नेटशिवायचं हे नेट! त्यात राजकारण ठेवायचं नाही, हा चालवणाऱ्यांचा अलिखित नियम, म्हणून सरकारनेही बरंचसं डोळ्याआड केलं.

मोबाइलवर नेट आलं ते डिसेंबर २०१८ मध्ये. तिथून मात्र चित्र भराभर बदललं. लोक फोनवरून धंदा करू लागले, औषध कुठे मिळतंय ते एकमेकांना कळवू लागले, तक्रारीही मांडू लागले. ११ जुलै २०२१ रोजी अन्न, औषधं आणि विजेच्या टंचाईने त्रासलेले लोक अनेक शहरांत रस्त्यावर आले. आंदोलनाची चित्रं फोनवरून पसरली. आणि मग नेट तुटलं. पुढचे काही दिवस ते धड चाललं नाही. कंपनी एकच असली की बंद करायला एकच खटका पुरतो.

अलीकडची गोष्ट मे २०२५ ची. एटेक्साने अचानक जाहीर केलं, की महिन्याला ३६० पेसोंचाच रिचार्ज करता येईल, त्यात सहा जीबी मिळेल. त्याहून जास्त हवं असेल तर तीन जीबीला ३,३६० पेसो. हा तिथल्या सरासरी पगाराच्या निम्म्याच्या आसपासचा आकडा. कंपनीचं म्हणणं होतं, की यंत्रं परदेशातून आणावी लागतात, डॉलर नाहीत, असंच चाललं तर सेवाच कोलमडेल. तेही खोटं नव्हतं. पण विद्यार्थी भडकले. ज्या देशात विरोध करणं सोपं नाही, तिथल्या हवाना विद्यापीठात वर्गांवर बहिष्काराची हाक दिली गेली. शेवटी विद्यार्थ्यांना ३६० पेसोंचं आणखी एक पॅक मिळालं. बाकीच्यांचे दर मात्र तसेच राहिले.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडेही सुरुवात मक्तेदारीनेच झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने मुंबईसारख्या मोठ्या शहरांत नेट सुरू केलं, तेव्हा ते सामान्यांच्या आवाक्याबाहेर होतं. १९९८ नंतर खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि पुढे दर उतरले.

मग ताईंचंच खरं ठरलं का? अर्धंच. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड, जालना भागात नेट बंद झालं होतं, आठवतंय ना? तेव्हा आपल्याकडे कंपन्या अनेक होत्या, तरी सरकारच्या एका आदेशाने सगळ्यांचं नेट गेलं. आणि ज्या वाडीत नफा नाही, तिथे खासगी कंपनी टॉवर उभारायला लवकर येत नाही. तिथे सरकारनेच पुढे व्हावं लागतं. ग्रामपंचायतींपर्यंत केबल नेणारी भारतनेट योजना त्यासाठीच आहे.

क्यूबाच्या गोष्टीतून आम्ही एवढंच घेतलं, की तार सरकारची की कंपनीची, एवढं विचारून भागत नाही. तीन प्रश्न विचारायचे. दर कोण ठरवतं, आणि ठरवण्याआधी आपल्याला विचारतं का? बंद करायचा खटका कुणाच्या हातात आहे, आणि बंद केलं तर कारण लेखी सांगायला तो बांधील आहे का? आणि तक्रार घेऊन गेलं, तर ऐकून घेणारं दुसरं कुणी आहे का?

पुढच्या ग्रामसभेत आपण यातला निदान एक प्रश्न विचारू. पंचायतीत भारतनेटची जोडणी आली आहे का, चालू आहे का, आणि तिचा उपयोग गावातल्या बायकांना, मुलींना होतो का? उत्तर लेखी मागा, आणि काय मिळालं ते आम्हाला जरूर कळवा. आपल्या पुढच्या कार्यक्रमात आम्ही ते सगळ्या गावांना ऐकवू.

तोवर, नमस्कार.