सगळ्या विभागांना एकच साचा

सकाळी पावणेदहा

कार्यालयात आल्यावर संगणक सुरू करायच्या आधी मी खणातला जुना, स्वस्त अँड्रॉइड फोन काढतो. आमच्या राज्य विद्यापीठाचा विद्यार्थी वेळापत्रक शोधतो तो असल्याच फोनवर, तालुक्याच्या गावी, रेंज मिळेल तिथे उभा राहून. मुख्य संकेतस्थळ, परीक्षा विभाग, ग्रंथालय, दूरशिक्षण आणि मग एकेक शैक्षणिक विभाग मी या फोनवर उघडून बघतो. नवा साचा बसलेल्या साइट लगेच उघडतात. जुन्यांपैकी एक पडद्याबाहेर आडवी पसरते. प्रत्येक ओळ वाचायला बोटाने पान डावीउजवीकडे सरकवावं लागतं. दुसऱ्या एका विभागाने कधीकाळी बाहेरून स्वतःचं डॉट कॉम नाव घेतलंय. असल्या नावाचं नूतनीकरण राहिलं की ते कोणीही घेऊ शकतो. मग आपल्याच जुन्या परिपत्रकातली लिंक विद्यार्थ्याला भलत्याच दुकानात नेऊन सोडते. म्हणून आमच्या नियमावलीतलं पहिलं कलम पत्त्याचं आहे: विभागाची साइट विद्यापीठाच्याच डोमेनखाली हवी. रंगांचा नंबर त्यानंतर.

साडेदहा

परीक्षा विभागातल्या ताईंचा फोन. “सर, वेळापत्रक टाकायचंय, पण लाल अक्षरात. आणि ते लुकलुकणारं ‘न्यू’ हवंच. नाहीतर मुलं बघत नाहीत आणि दिवसभर आम्हालाच फोन करत बसतात.”

त्यांची अडचण खरी आहे, म्हणून नुसतं ‘नियमात बसत नाही’ म्हणून फोन ठेवता येत नाही. मी त्यांच्या टेबलाशी गेलो. वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार नेहमीच्या आकाराचं अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्यातला उठाव किमान ४.५ : १ लागतो. पांढऱ्यावरचा भडक लाल ४ : १ च्या आसपास अडकतो, गडद लाल मात्र सहाच्या पुढे जातो. दोन्ही रंगांत तीच ओळ दाखवल्यावर ताईंनी चष्मा काढून बघितली आणि गडद लालावर बोट ठेवलं. आपोआप हलणारा मजकूर पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणार असेल, तर तो थांबवायची सोय द्यावी लागते. सूचनांच्या धावत्या पट्टीत ती नव्हती. आता साच्यात ‘ताज्या सूचना’ हा रकाना सगळ्यांत वर आहे. तारीख ठळक दिसते आणि जुनी सूचना आपोआप खाली सरकते.

“तारीख अजून मोठी करा,” ताई म्हणाल्या. केली.

बारा

संकेतस्थळ समितीची बैठक. विषयपत्रिकेवर बरंच काही होतं, पण बहुतेक वेळ गेला तो बोधचिन्हाच्या आकारावर. एका विभागप्रमुखांचा आक्षेप मात्र मनापासूनचा होता: “सगळ्यांना एकच गणवेश घातलात, तर आमच्या विभागाची ओळख काय राहिली?”

मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. त्यावर उत्तर म्हणून आम्ही एक तक्ता पुढे ठेवला. वरची पट्टी, तळपट्टी, फॉन्ट, शोधाची चौकट आणि अभ्यासक्रम, प्राध्यापक, सूचना, संपर्क या चार दुव्यांचा क्रम हे सगळं सामाईक. छायाचित्रं, विभागाचा इतिहास, संशोधनाची मांडणी आणि ठरलेल्या रंगांतला एक रंग हे विभागाचं. रसायनशास्त्राच्या पानावर ‘संपर्क’ जिथे सापडला, तिथेच तो इतिहासाच्या पानावरही सापडला पाहिजे. प्रवेशाच्या धावपळीत मुलगी चार विभागांची पानं चाळते, तेव्हा प्रत्येक दारी तिला नव्याने वाट विचारायला लावायची नसते.

कोणीतरी विचारलं, हे बंधनकारक आहे का? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये डिजिटल माहिती सर्वांना वापरता यावी अशी तरतूद आहे. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत आणि २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती आंतरराष्ट्रीय मानकाच्या ‘एए’ पातळीशी जोडली आहेत. कायद्याचं नाव निघाल्यावर टेबलावरचा सूर बदलला. तक्ता मंजूर झाला, बोधचिन्ह पुढच्या बैठकीवर गेलं.

अडीच

आज दिवसभरातलं सगळ्यांत मोलाचं काम हे होतं. एम. ए. करणारा एक दृष्टिहीन विद्यार्थी आमच्या कक्षात आला आणि स्वतःच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हा मोफत मिळणारा स्क्रीनरीडर लावून आमच्या साइट तपासायला बसला. आम्ही मागे खुर्च्या टाकून बसलो आणि मध्ये बोलायचं नाही असं ठरवलं.

आधी एक जुनं पान. त्याने पानावरच्या दुव्यांची यादी उघडली. “इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा.” कशावर क्लिक करायचं ते वरच्या मजकुरात होतं, यादीत नव्हतं. त्याने अंदाजाने तिसरा दुवा उघडला. पीडीएफ आली आणि यंत्र गप्प झालं. कागद स्कॅन करून चढवलेला, म्हणजे पानाचा नुसता फोटो. त्यात वाचण्यासारखं एकही अक्षर नव्हतं.

“अशा वेळी तू काय करतोस?” मी विचारलं.

“मित्राला वाचून दाखवायला सांगतो, सर. तो क्लासला गेला असेल, तर संध्याकाळपर्यंत थांबतो.”

मग नव्या साच्यातलं पान. शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारत तो काही क्षणांत शिष्यवृत्तीच्या अर्जापाशी पोचला. पण तिथला मराठी परिच्छेद यंत्राने इंग्रजी उच्चारात असा काही चिरडला की एक शब्द कळेना. कारण लगेच सापडलं. पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी नोंदवलेली होती, तयार थीममध्ये बहुधा असते तशी. डोळसांना ही चूक कधी दिसलीच नसती.

चार

लिपिकांचं प्रशिक्षण. इथे फक्त दोन गोष्टी शिकवतो. पहिली: वर्डमध्ये परिपत्रक टाइप केलंत, की तिथूनच पीडीएफ करा. छापून, सही घेऊन पुन्हा स्कॅन केलीत, तर सोबत ही पीडीएफही चढवा. दुसरी: मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली मराठी त्या फॉन्टशिवायच्या फोनवर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होऊन उमटते. ती शोधात सापडत नाही आणि ऐकूही येत नाही. एक भाऊ म्हणाले, बोटांना जुना कळफलक बसलाय, वेग जाईल. त्याच ओळखीच्या मांडणीवर युनिकोड टाइप करता येतं, हे त्यांच्याच यंत्रावर जुळवून दिलं. त्यांनी लगेच एक पूर्ण परिच्छेद टाइप करून बघितला.

साडेपाच

आता दुपारची चूक. सामाईक साच्यात भाषेची नोंद बदलून मराठी केली. एका ओळीचं काम. फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं भरलेली असतील, तर या नोंदीने तीही उठतात. शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये निश्चित केलेला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ पडद्यावर आला. तिथेच शीर्षकांचं आणखी एक दुखणं काढलं. इंग्रजी मथळे ऐसपैस दिसावेत म्हणून कोणीतरी अक्षरांमध्ये जादा अंतर घातलं होतं, आणि त्याने देवनागरीची शिरोरेषा ठिकठिकाणी तुटत होती. मराठी पानांवर ते अंतर शून्य केलं आणि ओळींमधलं थोडं वाढवलं, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला लागत नाही.

साच्यावर आलेल्या सगळ्या विभागांची पानं एकदम सुधारली, कोणालाही पत्र न पाठवता. त्या विद्यार्थ्याला पानाचा पत्ता पाठवला आणि पुन्हा ऐकून बघायला सांगितलं. बाहेर राहिलेल्या विभागांची यादी कुलसचिवांच्या टिपणीला जोडली. सगळ्यांत वर नाव आहे ते डॉट कॉमवाल्या विभागाचं.