आयझलवर्थचे ऑल्डिंग्टन बंधू

१९३४च्या उन्हाळ्यात आल्प्सच्या घाटांतून झालेल्या मोटार स्पर्धेत फ्रेझर नॅश या इंग्रजी गाड्यांना म्युनिकच्या बीएमडब्ल्यूंनी मागे टाकलं. इंग्रजी संघाचे म्होरके एच. जे. ऑल्डिंग्टन हे नुसते चालक नव्हते. ज्या गाड्या हरल्या त्या बनवणारी आणि विकणारी एएफएन लिमिटेड ही कंपनी त्यांची आणि त्यांच्या दोन भावांची होती. आदल्या स्पर्धांमध्ये याच घाटांत त्यांनी नाव कमावलं होतं, त्यामुळे हा पराभव त्यांना लागला असणार. पण सबबी सांगत बसण्याऐवजी त्यांनी म्युनिक गाठलं आणि ज्या गाडीने आपल्याला हरवलं, ती ब्रिटनमध्ये विकण्याचे हक्क पदरात पाडून घेतले. वर्ष संपायच्या आत लंडनमध्ये ‘फ्रेझर नॅश-बीएमडब्ल्यू’ या जोडनावाने गाड्या विकायला आल्या.

ब्रिटनमधल्या जुन्या स्पोर्ट्‌स कारचा इतिहास सहसा कारखानदारांच्या अंगाने सांगितला जातो. मॉर्गन, लोटस, जॅग्वार, अॅस्टन मार्टिन ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. विक्रेत्यांची घराणी मात्र तळटीपेत जातात. ऑल्डिंग्टनांच्या बाबतीत हा मोठाच अन्याय आहे असं मला वाटतं. त्यांनी स्वतः बनवलेल्या गाड्या मोजक्याच, पण चांगली गाडी ओळखण्याची त्यांची नजर इतकी पक्की होती की पन्नासेक वर्षं ब्रिटिश गिऱ्हाईक त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून गाडी घेत राहिलं.

मूळ गाडी त्यांची नव्हती. आर्ची फ्रेझर-नॅश आणि एच. आर. गॉडफ्री या दोन तरुणांनी १९१०च्या सुमारास ‘जीएन’ नावाच्या हलक्या, स्वस्त गाड्या करायला सुरुवात केली होती. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला दोघे वेगळे झाले आणि आर्ची यांनी स्वतःच्या नावाने गाडी काढली. गाडी चांगली होती, हिशेब चांगला नव्हता. १९२९च्या सुमारास कंपनीची सूत्रं एच. जे. ऑल्डिंग्टन यांच्याकडे आली. तोपर्यंत ते याच गाड्या विकत होते आणि शर्यतींत पळवतही होते. डॉन आणि बिल हे भाऊ त्यांच्या जोडीला आले. बिऱ्हाड किंग्स्टनहून लंडनच्या पश्चिमेला आयझलवर्थला हललं आणि तिथल्या लंडन रोडवरचं ‘फाल्कन वर्क्स’ हा पुढे अनेक दशकं या घराण्याचा पत्ता राहिला.

या गाडीच्या पोटात काय होतं ते जरा जवळून पाहायला हवं, कारण तिच्यावर जीव टाकणारी माणसं आजही आहेत. तिला नेहमीची गिअरपेटी नव्हती आणि डिफरन्शियलही नव्हतं. इंजिनाची ताकद एका दांड्यावरून मागे येई आणि सीटच्या खाली एका आडव्या दांड्याला मिळे. त्या आडव्या दांड्यावर लहानमोठी दातेरी चाकं, आणि प्रत्येक दातेरी चाकावरून मागच्या आसापर्यंत एक स्वतंत्र चेन. सायकलची चेन डोळ्यांसमोर आणा, फक्त जाड, आणि एकीच्या शेजारी दुसरी, तिसरी, चौथी. गाडी चालू असताना सगळ्या चेन फिरत असतात. चालकाने गिअर टाकला की त्यातल्या एकाच दातेरी चाकाच्या खाचा दांड्याशी अडकतात आणि ताकद तेवढ्या चेनमधून जाते, बाकीच्या मोकळ्या फिरतात. गिअरचा दांडा गाडीच्या बाहेरच्या अंगाला होता आणि बदल डोळ्याचं पातं लवायच्या आत होई. चढाची शर्यत असेल तर आदल्या रात्री एक दातेरी चाक काढून दुसरं बसवायचं, की गिअरचं प्रमाणच बदललं. मागची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट असल्याने वळणावर दोन्ही सारख्याच वेगाने फिरत आणि गाडीचं बूड बाहेर फेकलं जाई. नवखा माणूस त्याने घाबरे, तर मुरलेला चालक तेवढ्याच जोरावर गाडी वळवून घेई. चेनला तेलपाणी सतत लागे, चिखल उडे, आवाज होई. या गाड्यांच्या मालकांना ‘चेन गँग’ हे टोपणनाव पडलं आणि त्यांनी ते मानाने मिरवलं.

अशा चेनवाल्या गाड्या पंधरा वर्षांत मिळून साडेतीनशेच्या आसपास झाल्या. साडेतीनशे! मोठ्या कारखान्यात एवढ्या गाड्या काही दिवसांत बाहेर पडत. ऑल्डिंग्टनांनी हे तुटपुंजेपण मालाचा गुण म्हणून विकलं. गिऱ्हाईक येई, मेडोजचं चार सिलिंडरचं इंजिन हवं की ब्लॅकबर्नचं सहाचं ते सांगे, बॉडी ठरवे, आणि गाडी त्याच्यासाठी बांधली जाई. मॉडेलांची नावं स्पर्धांवरून घेतलेली: बुलोन, एक्सेटर, कोलमोर, शेल्सली, न्यूरबर्ग, टीटी रेप्लिका. रविवारी मालकाने जी पळवली तशीच गाडी सोमवारी गिऱ्हाइकाला मिळणार, हा त्यातला वायदा होता आणि तो तीनही भावांनी पाळला.

मग १९३४ आलं. तुलना केली तर निवाडा अवघड नव्हता. बीएमडब्ल्यू ही मोटारींच्या धंद्यात अगदी नवी कंपनी होती. १९२८ मध्ये तिने आयझेनाखचा डिक्सी कारखाना घेतला तेव्हा तिथे ब्रिटिश ऑस्टिन सेव्हनचीच परवान्यावर काढलेली आवृत्ती बनत होती. आणि सहाच वर्षांत त्याच कंपनीची दीड लिटरची सहा सिलिंडरची गाडी आल्प्समध्ये इंग्रजांना मागे टाकत होती. एच. जे. यांनी ते ओळखलं आणि चेनचे दिवस भरत आले हे मनाशी कबूल केलं. ज्या गाडीच्या स्टिअरिंगमागे तारुण्य गेलं तिच्याबद्दल असं कबूल करायला मोठं मन लागतं, आणि चेनवर प्रेम करणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना हा निर्णय रुचणं कठीणच होतं. चेनची गाडी मागितली तर मिळत राहिली, पण तिची मागणी वर्षागणिक आटत गेली.

या निर्णयाची दुसरी बाजू झाकून ठेवता येत नाही. १९३३ पासून जर्मनीत नाझी राजवट होती आणि मोटार शर्यतींतले विजय ती आपल्या प्रचारासाठी वापरत होती. म्युनिकशी धंदा म्हणजे या व्यवस्थेशी धंदा. त्या काळात अनेक ब्रिटिश कंपन्या तो करत होत्या, पण म्हणून तो हलका ठरत नाही.

गाडी म्हणून मात्र पुढची पायरी लखलखीत होती. १९३६च्या जूनमध्ये न्यूरबर्गरिंगवर बीएमडब्ल्यू ३२८ पहिल्यांदा धावली. दोन लिटरचं इंजिन, ८० अश्वशक्ती, वजन जेमतेम आठशे तीस किलो. बॉनेटवरून आडवे जाणारे चामड्याचे दोन पट्टे, दिव्यांच्या मधोमध उंच जाळी, कुठेही अनावश्यक नक्षी नाही. इंजिनाचं डोकं असं रचलेलं की साध्या ब्लॉकमधून शर्यतीच्या इंजिनाची ताकद निघे. अशा एकूण ४६४ गाड्या झाल्या. त्यातल्या ज्या ब्रिटनला आल्या त्यांच्यावर फ्रेझर नॅशचं नाव लागलं. ऑल्डिंग्टनांनी त्या शोरूममध्ये पुसून ठेवल्या नाहीत. त्याच वर्षी उत्तर आयर्लंडमधल्या आर्ड्‌सच्या टुरिस्ट ट्रॉफीत ए. एफ. पी. फेन, सयामचे राजपुत्र बीरा आणि स्वतः एच. जे. असे तिघे तीन ३२८ घेऊन उतरले आणि संघाचं बक्षीस घेऊन आले. पुढच्या वर्षी पत्रकार आणि शर्यतपटू एस. सी. एच. डेव्हिस यांनी ब्रुकलंड्‌सच्या ट्रॅकवर ३२८ एक तास पळवून १०२ मैलांचं अंतर कापलं. जाहिरातीला आणखी काय हवं?

फेनबद्दल थोडं सांगायलाच हवं. ऑल्डिंग्टनांचा हा सर्वांत गुणी चालक. १९३७ मध्ये एकआसनी फ्रेझर नॅशवर त्याने शेल्सली वॉल्शच्या चढाचा विक्रम मोडला. युद्ध सुरू झाल्यावर तो हवाई दलात छायाचित्रं टिपणारी स्पिटफायर चालवू लागला. जानेवारी १९४२ मध्ये ट्रॉन्डहाइमजवळच्या खाडीत दडवलेली जर्मनीची प्रचंड युद्धनौका ‘टिरपिट्‌झ’ त्याने शोधून काढली. त्याच वर्षीच्या जुलैत विमान कोसळून तो गेला. ज्या देशाची गाडी त्याने इंग्लंडमध्ये नावारूपाला आणली, त्याच देशाच्या नौकेचा त्याने माग काढला. आणि इकडे आर्ची फ्रेझर-नॅश यांनी विमानांवरच्या मशीनगन फिरवणारे बुरूज बनवायचा धंदा काढला होता. एफएन नावाचे ते बुरूज लँकेस्टर बॉम्बर विमानांवर बसले, आणि ती विमानं म्युनिकवरही गेली.

युद्ध संपताच, १९४५ मध्ये, एच. जे. पुन्हा म्युनिकला पोहोचले. कारखान्याचा सांगाडा उरला होता आणि गाड्या जिथे बनत ते आयझेनाख रशियनांच्या ताब्यात गेलं होतं. मिल मिलिया शर्यतीसाठी बांधलेली एक ३२८ त्यांनी इंग्लंडला आणली. तिला नवी जाळी बसवून ती फ्रेझर नॅशची पुढची गाडी म्हणून दाखवली गेली. ३२८चे आराखडेही आले, आणि पुढे तिचे रचनाकार फ्रिट्‌झ फीडलर इंग्लंडमध्ये कामाला आले. जेत्याने हरलेल्याचं सामान उचललं असं कुणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. पण ओळखीचा माणूस आला नसता तर हे इंजिन त्या ढिगाऱ्यातच संपलं असतं असं मला वाटतं.

ब्रिस्टल एरोप्लेन कंपनीला युद्धानंतर विमानांशिवाय दुसरं काम हवं होतं आणि ऑल्डिंग्टनांना मोठा कारखाना. दोघांनी हातमिळवणी केली. १९४७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘ब्रिस्टल ४००’ मांडली गेली तेव्हा तिच्या नाकावर बीएमडब्ल्यूची जोडजाळी उघड दिसत होती. हा संसार मात्र दोन वर्षंही टिकला नाही. विमानं बांधणाऱ्यांची शिस्त आणि तीन भावांचं दुकान यांचं जमलं नाही. वेगळं होताना ऑल्डिंग्टनांनी एक गोष्ट पक्की करून घेतली: ३२८वरून घेतलेलं इंजिन ब्रिस्टल बनवेल आणि एएफएनला पुरवेल. ३२८चं ते रक्त पुढे शर्यतपटू माइक हॉथॉर्नच्या कूपर गाडीत आणि ‘एसी एस’ या गाडीतही धावलं.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं या घराण्याची सर्वांत झळाळती. १९४९ मध्ये ल माँची चोवीस तासांची शर्यत दहा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा भरली. नॉर्मन कल्पन या गिऱ्हाइकाने नुकतीच घेतलेली स्वतःची फ्रेझर नॅश त्यात उतरवली आणि जोडीला चालक म्हणून बसले खुद्द ती विकणारे एच. जे. ही गाडी तिसरी आली. पहिली आली ती फेरारी, तिचा ल माँमधला पहिलाच विजय. गिऱ्हाइकाच्या गाडीत दुकानदार आळीपाळीने रात्रभर बसतो आणि दोघे मिळून व्यासपीठ गाठतात, असं दृश्य आज कुठे दिसणार? लगेच त्या मॉडेलचं नाव ‘ल माँ रेप्लिका’ झालं. १९५१ मध्ये फ्रँको कोर्तेझे यांनी फ्रेझर नॅशवर सिसिलीची टार्गा फ्लोरिओ जिंकली. त्या शर्यतीच्या सबंध इतिहासात दुसऱ्या कुठल्या ब्रिटिश गाडीला हे जमलं नाही. त्याच वर्षी आयल ऑफ मॅनवरची ब्रिटिश एम्पायर ट्रॉफी स्टर्लिंग मॉसने फ्रेझर नॅशवर घेतली. १९५२ मध्ये फ्लोरिडातल्या सेब्रिंगची पहिली बारा तासांची शर्यत हॅरी ग्रे आणि लॅरी कुलॉक यांनी जिंकली, तीही फ्रेझर नॅशनेच. टार्गा फ्लोरिओ, सेब्रिंग ही नावं लगोलग मॉडेलांवर चढली.

विजय मिळाले, पैसा मिळाला नाही. हाताने बांधलेली ही गाडी करासकट तीन हजार पौंडांच्या वर जाई, तर जॅग्वारची एक्सके १२० निम्म्याहून कमी किमतीत मिळे आणि सरळ रस्त्यावर तिच्याइतकीच पळे. युद्धानंतर फ्रेझर नॅश शंभरही झाल्या नाहीत. १९५७ मध्ये बांधणी थांबली.

तोवर तीन भावांनी आपला जुना डाव पुन्हा टाकला होता. १९५०च्या दशकाच्या मध्याला एएफएनने पोर्शेची ब्रिटनमधली आयात हाती घेतली. तेव्हा पोर्शे म्हणजे मागे छोटं इंजिन असलेली एक गोलमटोल ३५६. आयात शुल्कामुळे ती जॅग्वारहून महाग पडे आणि युद्धाच्या आठवणी ताज्या होत्या. असा माल इंग्रजाला विकायला विक्रेत्याच्या शब्दाला वजन असावं लागतं, आणि ल माँला तिसऱ्या आलेल्या माणसाच्या शब्दाला ते होतं. पुढे ९११ आली आणि मग कुणाला पटवायची गरज उरली नाही. १९६५ मध्ये पोर्शे कार्स ग्रेट ब्रिटन ही कंपनी निघाली. धंदा याच घराण्यातल्या जॉन यांच्याकडे आला आणि १९८७ मध्ये तो पोर्शेनेच विकत घेतला. कंपनीच्या बाजूने हे स्वाभाविक होतं: बाजार तयार झाल्यावर मधला माणूस कुणाला नको असतो. पण तो बाजार तयार कुणी केला, हे पोर्शेच्या ब्रिटनमधल्या इतिहासात ठळक छापलं जायला हवं.

चेनवाल्या गाड्या अजून धावतात. शेल्सली वॉल्श आणि प्रेस्कॉटच्या चढांवर त्या जुन्या गाड्यांच्या शर्यतींत उतरतात, आणि त्यांचे मालक अधूनमधून ताफा करून आल्प्समध्येही जातात. त्या गाड्यांची चेन तुटली तर रस्त्याच्या कडेला बसून बदलता येते, त्यासाठी वर्कशॉप लागत नाही.